वाचकांचे प्रश्न : समुद्रकाठची दुपार आणि वाद्यवृंद

उन्हाळ्याच्या दिवसांत लहानशा समुद्रकाठच्या गावी, भर दुपारी, पाश्चात्त्य वाद्यवृंदाची मैफल ऐकण्याचा योग आलेल्या काही वाचकांची पत्रे आमच्याकडे आली आहेत. त्यांतील प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे ती सारी पत्रे या एकाच अंकात घेतली आहेत.

प्रश्न : सुट्टीत आम्ही समुद्रकाठच्या एका गावी उतरलो असताना तेथे दुपारी तीन वाजता उघड्यावर वाद्यवृंद वाजला. आम्ही हिरवळीवर अगदी मागे बसलो होतो. ट्रम्पेट स्पष्ट ऐकू येत होते. वीस-बावीस व्हायोलिने मात्र बंद दाराआडून वाजत असल्यासारखी वाटत होती. दुसऱ्या दिवशी त्याच मंडळींना गावातील चर्चमध्ये ऐकले, तेव्हा आवाज भरदार होता. पहिल्या दिवशी वादक कमी पडले काय?

उत्तर : वादक कमी पडले नाहीत, कमी पडल्या त्या भिंती आणि छत. बंद सभागृहात आपल्या कानावर जो आवाज पडतो, त्यातला थेट वाद्याकडून येणारा भाग आपल्याला वाटतो त्याहून पुष्कळच लहान असतो. मंचापासून काही मीटर मागे सरकले, की भिंतींवरून आणि छतावरून परतणाऱ्या आवाजाचा वाटा थेट आवाजाहून मोठा होतो, आणि म्हणूनच मधल्या रांगेत बसणाऱ्याला व शेवटच्या रांगेत बसणाऱ्याला एकूण भरीव नादात फारसा फरक जाणवत नाही. उघड्यावर हा परतावा नसतो. तेथे अंतर दुप्पट झाले, की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. म्हणजे १० मीटरवर बसलेला श्रोता उठून ४० मीटरवर गेला, तर त्याने १२ डेसिबल गमावले, आणि कानाच्या हिशेबाने आवाज निम्म्याहूनही कमी झाला. शिवाय सिंफनीसाठी, म्हणजे वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या अनेक भागांच्या मोठ्या रचनेसाठी, उत्तम समजल्या जाणाऱ्या सभागृहात सूर थांबल्यावरही नाद सुमारे दोन सेकंद रेंगाळतो, आणि दगडी चर्चमध्ये अनेकदा त्याहून अधिक वेळ रेंगाळतो. हे रेंगाळणेच वीस व्हायोलिनांना एकजीव करते. ते काढून घेतले, की वीस स्वतंत्र, बारीक आवाज उरतात. चर्चमध्ये आपण जे ऐकलेत, त्यात इमारतीचेही वादन होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

ट्रम्पेट स्पष्ट आणि व्हायोलिने अंधूक, हा फरकही यातूनच येतो. प्रत्येक वाद्य आपला आवाज सगळीकडे सारखा वाटत नाही. ट्रम्पेटचे तोंड श्रोत्यांकडे असते आणि त्याचे वरचे, झळाळणारे स्वरांश सरळ पुढे येतात. व्हायोलिनचा वरचा फळा आकाशाकडे तोंड करून असतो. त्याचा बराच आवाज वर जातो आणि सभागृहात छताला लागून आपल्याकडे परत येतो. उघड्यावर तो गेला तो गेलाच. सर्वांत दयनीय अवस्था फ्रेंच हॉर्नची होते, कारण त्याचे तोंड मागे असते आणि त्याचा सारा डौल पाठीमागच्या भिंतीवर अवलंबून असतो. पाठीमागे भिंत नसून समुद्र असेल, तर हॉर्नवादक त्या दुपारी प्रामुख्याने माशांसाठी वाजवत असतो. मंचामागे शिंपल्याच्या आकाराचे कवच उभारतात, ते शोभेसाठी नसते. वर आणि मागे निघालेला आवाज पुढे वळवणे, एवढेच त्याचे काम असते.

आता दुपार या वेळेकडे वळू. दिवसा जमीन समुद्राहून लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्राकडून खारे वारे येतात. दुपारी त्यांचा जोर असतो. वारा जमिनीलगत मंद आणि वर वेगवान असतो, आणि त्यामुळे वाऱ्याच्या दिशेने निघालेला आवाज हळूहळू खाली वाकतो, तर वाऱ्याविरुद्ध निघालेला आवाज वर उचलला जाऊन श्रोत्यांच्या डोक्यावरून निघून जातो. उष्णतेचाही असाच परिणाम असतो : तापलेल्या जमिनीलगतच्या गरम हवेत आवाज अधिक वेगाने धावतो, वरच्या थंड हवेत कमी वेगाने, आणि परिणामी तो वरच्या बाजूला वळतो. सूर्य मावळल्यावर, विशेषतः थंड पाण्यावर, हे गणित उलटते. संध्याकाळी पलीकडच्या काठावरचे बोलणे अलीकडे ऐकू येते ते त्यामुळे. मात्र या वाकण्याला फार मोठे करून सांगणेही योग्य नाही. पहिल्या वीस-तीस मीटरांत त्याचा प्रभाव नगण्य असतो. तेथे बसणाऱ्याचे नुकसान भिंतींच्या अभावामुळे होते. शंभर मीटर मागे बसणाऱ्याचे नुकसान मात्र दोन्हींमुळे होते. त्याच्यापर्यंत पोहोचता पोहोचता हिरवळ आणि पुढे बसलेल्या माणसांची अंगेही आवाज पिऊन टाकतात, आणि उरलेल्या हळुवार स्वरांवर लाटांचा अखंड खळखळाट पसरतो.

पुढच्या वेळी आपण मंचापासून वीस-पंचवीस मीटरांच्या आत, आणि शक्य असेल तर वारा मंचाकडून आपल्याकडे येईल अशा बाजूला बसावे. आयोजक शहाणे असतील, तर त्यांनी मंच समुद्राकडे पाठ करूनच बांधलेला असेल. मग खारा वारा आपसूक आपल्याकडे सूर आणून देईल. दुर्दैवाने छायाचित्रांसाठी श्रोत्यांची पाठ समुद्राकडे करण्याचा मोह अनेकांना आवरत नाही.

प्रश्न : मैफल सुरू होण्यापूर्वी वाद्ये जुळवतात हे ठाऊक आहे, परंतु या मैफलीत प्रत्येक रचनेनंतर पुन्हा जुळवाजुळव चालली होती, आणि मध्ये एकदा क्लॅरिनेटवादकाने वाद्याचे सांधे किंचित ओढून लांब केले. हे कशासाठी?

उत्तर : कारण उन्हात वाद्यवृंदाचे दोन तट पडतात आणि ते परस्परविरुद्ध दिशांना सरकू लागतात. फुंकवाद्यांतील सूर नळीतल्या हवेच्या कंपनातून निघतो, आणि हवा तापली की तिच्यातून आवाज अधिक वेगाने धावतो. २० अंश सेल्सिअसला हा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, ३२ अंशांना तो ३५० मीटरांच्या आसपास जातो. नळीची लांबी तीच राहिल्यामुळे सूर चढतो. हिशेब मांडला, तर प्रत्येक अंशामागे अर्धस्वराच्या शंभर भागांपैकी सुमारे तीन भाग, म्हणजे बारा अंशांच्या फरकाला जवळजवळ एक तृतीयांश अर्धस्वर. प्रत्यक्षात नळीत वादकाचा ऊबदार श्वास आधीपासून असतोच, म्हणून फरक इतका पडत नाही. तरीही कानाला खुपण्याइतका तो निश्चित असतो. तारवाद्यांचे याच्या उलट होते. उन्हाने तार प्रसरण पावते, तिचा ताण घटतो आणि सूर उतरतो. ढग आला की थोडा वेळ समेट होतो, ढग सरला की पुन्हा फारकत.

वाद्यवृंदात मूळ सूर देण्याचा मान ओबो या लाकडी फुंकवाद्याकडे असतो, आणि तो सूर म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकानुसार सेकंदाला ४४० कंपने असलेला ‘ए’. ओबोचा आवाज धारदार असल्यामुळे तो गर्दीतून ऐकू येतो, हे त्यामागचे एक कारण. दुसरे असे, की ओबोवादकाला आपली पट्टी इतरांइतकी सहज खालीवर करता येत नाही, तेव्हा इतरांनीच त्याच्याशी जुळवून घेतलेले बरे. क्लॅरिनेटवादकाला ती सोय आहे. सांधा मिलिमीटर-दीड मिलिमीटर ओढला, की नळी लांब होते आणि चढलेला सूर खाली येतो; आपण पाहिलेत ते हेच. पण घुंगराएवढ्या बारीक घंटांसारखे वाजणारे ग्लोकेनश्पील असले, तर त्याच्या धातूच्या पट्ट्या कुणाचेच ऐकत नाहीत. तो वादक बिचारा आपल्या जागी बरोबर असतो, आणि सगळे सभोवार सरकलेले असतात.

मैफलीपूर्वी वाद्ये पेटीतून काढून अर्धा तास सावलीत, त्याच हवेत ठेवली, तर निम्मी कटकट वाचते. चामडे मढवलेले टिम्पनी, म्हणजे मोठे नगारे, असतील, तर दमट हवेत ते सैल पडतात. तबलजीला हातोडी घेऊन सारखे ठोकताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. आता बहुतेक ठिकाणी कृत्रिम पडदा वापरतात, त्याला दमटपणाची फारशी बाधा होत नाही.

प्रश्न : माझी मुलगी हौशी वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवते. त्यांना अशाच एका उघड्यावरच्या दुपारच्या मैफलीचे निमंत्रण आहे. वाद्य न्यावे काय?

उत्तर : न्यावे, परंतु सर्वांत चांगले वाद्य नेऊ नये. व्हायोलिनचे भाग प्राणिज सरसाने जोडलेले असतात. हा सरस उष्णतेने आणि ओलाव्याने मऊ पडतो. दुरुस्तीसाठी वाद्य उघडता यावे म्हणून कारागीर मुद्दाम हाच सरस वापरतात, म्हणजे तो दोष नव्हे. पण उन्हात ठेवलेल्या बंद मोटारीत हीच सोय अंगाशी येते आणि फळ्याची कड सुटते. उघड्या मंचावर झालेल्या नुकसानीपेक्षा मैफलीला जाता-येताना मोटारीत झालेले नुकसान अधिक असते, हे मुलीच्या मनावर जरूर बिंबवावे. मंचावर सावली आहे काय, एवढे आयोजकांना आधी विचारावे. नसेल, तर छताची मागणी करणे हा नखरा नाही. वाजवून झाल्यावर तारा आणि फळा कोरड्या, मऊ कापडाने पुसावा, कारण खाऱ्या हवेने आणि घामाने तारा लवकर गंजतात. गजाच्या केसांना लावलेली राळ उष्णतेने चिकट होते, म्हणून ती नेहमीपेक्षा कमी लावावी.

आणि कपडे वाळत घालण्याचे चिमटे! स्टँडवरचे कागद वाऱ्याने उडतात, आणि पान उलटताना एका हाताने चिमटा काढायचा, दुसऱ्याने गज सांभाळायचा, ही कसरत घरी दोन-चारदा करून पाहिलेली बरी.

प्रश्न : मैफलीत सारे छोटे-छोटे तुकडे होते : एखादे ओव्हर्चर (ऑपेराच्या प्रारंभी वाजते तशी छोटी वाद्यरचना), वॉल्ट्झ हे नृत्यसंगीत, हँडलच्या ‘वॉटर म्युझिक’मधील काही भाग. समुद्रावर लिहिलेल्या एवढ्या मोठ्या रचना असताना आणि समुद्र समोर असताना त्यांतली एकही नसावी, याचे आश्चर्य वाटले. लहान गावचे श्रोते म्हणून त्यांना हलकेफुलके वाढले जाते काय?

उत्तर : हा प्रश्न फार मोलाचा आहे, आणि माझे उत्तर कदाचित आपल्याला तिरकस वाटेल : समुद्रावरचे संगीत समुद्राजवळ ऐकू नये.

समुद्र रंगवणाऱ्या प्रसिद्ध रचनांचा प्रारंभ पाहा. फ्रेंच रचनाकार द्‌ब्युसीची ‘ला मेर’ (‘समुद्र’) टिम्पनीच्या अगदी हळू थरथराटाने आणि डबल बेसच्या खोल, जेमतेम ऐकू येणाऱ्या सुरांनी सुरू होते. मेंडेल्सोनचे ‘हेब्रिडीज’ ओव्हर्चर बसून (बसून म्हणजे खालच्या पट्टीचे लाकडी फुंकवाद्य), व्हायोला आणि चेलो यांच्या दबलेल्या आवाजात लाट हलवते. बेंजामिन ब्रिटन या इंग्रज रचनाकाराच्या ‘पीटर ग्राइम्स’ या ऑपेरातून निवडलेल्या चार ‘सी इंटरल्यूड्स’पैकी, म्हणजे प्रवेशांच्या मधल्या वाद्यतुकड्यांपैकी, पहिला, पहाटेचा तुकडा उंच पट्टीतल्या, धाग्यासारख्या बारीक व्हायोलिनांवर आणि बासरीवर उभा आहे. यांतले काय खऱ्या लाटांपुढे टिकेल? खोल सूर लाटांच्या गंभीर आवाजात विरतील, आणि बारीक सूर वारा घेऊन जाईल. या रचनाकारांनी समुद्राचा जो आभास निर्माण केला, तो शांततेच्या कागदावर काढलेला आहे. त्या कागदावर आधीच कुणी चित्र रंगवून ठेवले असेल, आणि तेही मूळ चित्र, तर नव्या रेघा दिसणार कशा?

गंमत अशी, की या रचनांचा समुद्राशी असलेला संबंधही आपण समजतो तितका सरळ नाही. द्‌ब्युसीने ‘ला मेर’ला प्रारंभ केला तो १९०३ च्या उन्हाळ्यात, समुद्रापासून दूर बर्गंडीत, आणि आपल्याजवळ आठवणींचा साठा आहे, तो प्रत्यक्ष दृश्याहून अधिक उपयोगी पडतो, अशा आशयाचे त्याने मित्राला लिहिले. पुढे १९०५ च्या उन्हाळ्यात तो इंग्लंडच्या किनाऱ्यावर ईस्टबर्नला राहिला खरा, पण तोवर रचना लिहून झाली होती आणि हाती मुद्रिते तपासण्याचे काम होते. त्या वर्षी १५ ऑक्टोबरला ती पॅरिसमध्ये प्रथम वाजली. मेंडेल्सोनची गोष्ट तर याहून मजेदार आहे. ‘हेब्रिडीज’ला ‘फिंगलची गुहा’ असेही म्हणतात, पण तिची सुरुवातीची सुरावट त्याने ७ ऑगस्ट १८२९ रोजी घरच्या पत्रात लिहून पाठवली, आणि गुहा असलेल्या स्टाफा बेटावर तो गेला तो दुसऱ्या दिवशी. बोट लागल्यामुळे त्याची तेथे जी अवस्था झाली, तिचे संगीतात चित्रण नाही, हे आपले भाग्य.

याउलट ‘वॉटर म्युझिक’ ही उघड्या हवेची ओळख असलेली रचना आहे. १७ जुलै १७१७ रोजी राजा पहिला जॉर्ज टेम्स नदीवरून नौकेतून निघाला असताना शेजारच्या नौकेत सुमारे पन्नास वादक हे संगीत वाजवत होते, आणि राजाला ते इतके आवडले, की त्याने ते पुनःपुन्हा वाजवायला लावले. त्यात हॉर्न, ट्रम्पेट, ओबो, बसून यांवर भार आहे. सुरावटी ठसठशीत आहेत. आणि एखादे वाक्य वाऱ्याने नेले, तर तेच थोड्या वेळाने पुन्हा येते. १७४९ मध्ये आतषबाजीच्या सोहळ्यासाठी संगीत लिहिताना तर हँडलने २४ ओबो, १२ बसून, ९ ट्रम्पेट आणि ९ हॉर्न मांडले, आणि राजा दुसरा जॉर्ज याला व्हायोलिने नकोच होती. राजाला संगीत किती कळत होते ते सोडा. उघड्यावर काय ऐकू येते, ते त्याला बरोबर कळले होते.

माणसांची संख्या हाही मुद्दा आहेच. ‘ला मेर’च्या पहिल्या भागात एका ठिकाणी द्‌ब्युसी नुसते चेलोच सोळा मागतो. लहान गावी येणाऱ्या वाद्यवृंदात सगळे मिळून तीस-पस्तीस वादक असतात. तेव्हा आपल्या कार्यक्रमाची निवड श्रोत्यांना कमी लेखून झाली, असे मला वाटत नाही. ती जागा, वारा आणि माणसे मोजून झाली. वॉल्ट्झ मला स्वतःला दोनाहून अधिक सहन होत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

प्रश्न : एवढ्याशा गावाला वाद्यवृंद परवडतो कसा? ही हल्लीची पर्यटनाची टूम आहे काय?

उत्तर : टूम म्हणावी, तर ती सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. रेल्वेने समुद्रकाठ जवळ आणला, तेव्हा किनाऱ्यावरच्या गावांपुढे एक व्यावहारिक पेच उभा राहिला : आलेल्या पाहुण्याने सकाळी समुद्र पाहिला, दुपारी काय करावे? त्याला उत्तर म्हणून अनेक गावांनी वाद्यवृंद ठेवले. इंग्लंडमधील बोर्नमथच्या नगरपालिकेने १८९३ मध्ये डॅन गॉडफ्री याच्या हाताखाली तीस जणांचा वृंद उभा केला, आणि त्यातूनच आजचा बोर्नमथ सिंफनी ऑर्केस्ट्रा वाढला. स्कारबरोचा स्पा ऑर्केस्ट्रा १९१२ पासूनचा आहे. हॉलंडच्या किनाऱ्यावर स्खेवेनिंगेन येथे १८८५ पासून अनेक उन्हाळे चक्क बर्लिन फिलहार्मोनिक वाजवत असे. त्या वेळी त्या नव्या वाद्यवृंदाला उन्हाळ्यात पोटापाण्याचा आधार हवा होता, तो या गावाने दिला. पुढे ‘द प्लॅनेट्स’मुळे जगप्रसिद्ध झालेला गुस्ताव होल्स्ट तरुणपणी किनाऱ्यावरच्या गावांतून फिरणाऱ्या एका वृंदात ट्रॉम्बोन वाजवून पैसे मिळवत असे. तेव्हा समुद्रकाठची दुपार ही वादकांची रोजीरोटी होती, आणि श्रोत्यांपैकी कित्येकांसाठी आयुष्यात वाद्यवृंद प्रत्यक्ष ऐकण्याची ती पहिली संधी.

दुसरी वाट आहे ती इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ऑल्डबराची. हे गाव दोन-अडीच हजार वस्तीचे. बेंजामिन ब्रिटन, पीटर पीअर्स आणि एरिक क्रोझिअर यांनी १९४८ मध्ये तेथे महोत्सव सुरू केला, तेव्हा मोठे सभागृह नव्हतेच. गावची छोटी सार्वजनिक जागा आणि चर्च यांत जे मावेल, तेवढेच वाजवायचे, असा बेत होता. वाद्यवृंद मावत नाही म्हणून रडण्याऐवजी मावेल एवढा वाद्यवृंद लिहायचा, ही ब्रिटनची रीत मला फार आवडते. पुढे जवळच्या स्नेप येथील जुन्या माल्टघराचे (बिअरसाठी धान्याला मोड आणून वाळवण्याच्या कारखान्याचे) सभागृह केले गेले. १९६७ मध्ये त्याचे उद्‌घाटन झाले, १९६९ मध्ये महोत्सवाच्या पहिल्याच रात्री ते जळून गेले, आणि १९७० च्या महोत्सवाला ते पुन्हा उभे होते. धान्य साठवण्याच्या आणि वाळवण्याच्या त्या विटांच्या वास्तूत नाद इतका सुंदर उमटतो, की तो ऐकायला लोक दुरून येतात. बांधायला आलेले गवंडी संगीतासाठी बांधत नव्हते, हे विसरू नये.

परवडण्याचे म्हणाल, तर मोठ्या वाद्यवृंदाला लहान गाव सहसा एकट्याने पोसू शकत नाही. उन्हाळ्यात शहरातील मुख्य हंगाम संपलेला असतो, वादक मोकळे असतात, आणि गावात राहण्याची सोय, चर्चची जागा, खुर्च्या लावायला हात हे सारे स्वयंसेवकांकडून मिळते. दुपारची वेळही बरीचशी यातूनच ठरते : दिव्यांची सोय लागत नाही, आणि बाहेरगावचे वादक व श्रोते अंधाराच्या आत घरी परततात. म्हणजे आवाजाच्या दृष्टीने सर्वांत गैरसोयीची वेळ हिशेबाच्या दृष्टीने सर्वांत सोयीची असते.

प्रश्न : एका रचनेचा पहिला भाग संपल्यावर आम्ही टाळ्या वाजवल्या, तेव्हा पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी वळून पाहिले. आमचे चुकले काय?

उत्तर : सध्याच्या शिष्टाचाराप्रमाणे सर्व भाग संपेपर्यंत थांबतात, एवढे खरे, पण हा शिष्टाचार एकोणिसाव्या शतकात हळूहळू रुजला आणि विसाव्यात पक्का झाला. मोत्सार्टची ‘पॅरिस’ सिंफनी जून १७७८ मध्ये प्रथम वाजली, तेव्हा पहिल्या भागाच्या मधोमध, वादन चालू असतानाच टाळ्या पडल्या, आणि ही जागा श्रोत्यांना आवडणार हे ओळखून आपण ती शेवटी पुन्हा आणली होती, असे त्याने वडिलांना आनंदाने कळवले. सिंफनी संपताच त्याच आनंदात तो जाऊन बर्फाची मिठाई खाऊन आला, हेही त्याच पत्रात आहे. त्या गृहस्थांना हे सांगण्याची गरज नाही. पुढच्या वेळी संचालकाचे हात पाहावेत : भाग संपल्यावरही ते वर, ताठ राहिले असतील, तर रचना अजून बाकी आहे, ते खाली आले आणि खांदे सैल पडले, की खुशाल टाळ्या द्याव्यात. उघड्यावर मध्येच दिलेल्या टाळीने काही बिघडते, असे मला वाटत नाही. तेथे तसाही कुणी शांततेची राखण करत नसतो.

प्रश्न : शेवटच्या रचनेत वादक वाजवता वाजवता एकेक करून उठून गेले. आम्हाला वाटले, पाऊस येणार म्हणून पळाले. नंतर कळले, की तसेच लिहिलेले आहे. हे काय प्रकरण?

उत्तर : ती हायडनची ४५ वी, ‘फेअरवेल’ या नावाची सिंफनी. १७७२ सालची ही गोष्ट. राजपुत्र निकोलाउस एस्टरहाझीचा मुक्काम उन्हाळी महालात नेहमीपेक्षा फार लांबला, वादकांची कुटुंबे दूर आयझेनश्टाटला, आणि सुट्टी कोण मागणार? हायडनने मागितली, ती अशी : अखेरच्या संथ भागात एकेका वादकाचे वाजवणे संपते, तो स्टँडवरची मेणबत्ती विझवतो आणि निघून जातो. राजपुत्राला इशारा कळला आणि दुसऱ्याच दिवशी मंडळी परतीच्या वाटेला लागली, असे सांगतात.

दुपारी मेणबत्त्यांचा उपयोग नसल्याने आपल्याला नुसते उठून जाणे दिसले, आणि घोटाळा झाला. शेवटी मंचावर दोनच व्हायोलिने उरतात, तीही तारांवर म्यूट चढवून, म्हणजे मुद्दाम आवाज दाबून वाजणारी. पहिल्या पत्रलेखकांप्रमाणे आपणही मागे बसला असाल, तर ती केव्हा थांबली, हे आपल्याला कळले नसणार; पुढे बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हाच कळले असेल.